सरोवराची फेरी आणि वाटेतले सगेसोयरे

बुरुलचाने जेवणाच्या चादरीवर नकाशा पसरला. त्याचे कोपरे गुंडाळले जाऊ नयेत म्हणून माझ्या बायकोने, असिलकानने, तीन कोपऱ्यांवर मुरांबा, लोणी आणि चहाची किटली ठेवली. चौथ्यावर माझं कोपर ठेवायला सांगितलं. योजनेतला माझा वाटा एवढाच, असं मला त्या वेळी वाटलं होतं.

बुरुलचा माझ्या धाकट्या भावाची मुलगी. बालिकचीच्या शाळेत भूगोल शिकवते आणि सुट्टी लागली की तोच भूगोल सायकलवरून तपासून येते. या खेपेला तिला इसिक-कुलची पूर्ण फेरी मारायची होती. उजाडताना बालिकचीहून निघायचं, अख्ख्या सरोवराला वळसा घालायचा आणि अंधार पडायच्या आत परत यायचं. हे जमलं तर बिश्केकचे प्रशिक्षक गेनादी पाव्लोविच तिला पामीरच्या शर्यतीसाठी संघात घेणार होते. नाही जमलं तर तिच्याहून पुष्कळ लहान अशी एक मुलगी तिच्या जागेवर बसायला तयारच होती. “पुन्हा विचारायला येऊ नकोस,” असंही त्यांनी सांगून ठेवलं होतं. माणूस गोड बोलून वेळ घालवणारा नव्हे.

“आवा, जाताना उत्तरेच्या काठाने,” बुरुलचा मला, तिच्या काकाला, म्हणाली. “सकाळी आपला पश्चिमेचा वारा, उलान, सुटतो, तो पाठीवर घ्यायचा. काराकोलला वळसा घातला की दुपारी पूर्वेचा सान्ताश. तोही पाठीवर.”

“आणि दोघंही आडवे आले तर?”

“तर मी डोकं खाली घालते आणि तुम्हाला शिव्या देते.”

दक्षिणेच्या काठाचे चढ, उखडलेला रस्ता, पाणी कुठे भरायचं, पंक्चर झालं तर काय, हे सगळं एका किटलीत उरकलं. मग तिने लाल पेन्सिल काढली आणि रस्त्यावर सात ठिकाणी फुल्या मारल्या.

“हे घाट?” मी विचारलं.

“हे नातेवाईक.”

मागच्या वर्षी तिने हीच फेरी घेतली होती. काजी-सायपर्यंत ती वेळेच्या पुढे होती. तिथे माझी थोरली बहीण, सगळ्यांची एजे, उलकान रस्त्याच्या मधोमध हात पसरून उभी होती. बोकड कापलेला, दिवाणखान्यात वीस माणसं, मांस-शेवयांच्या बेशबरमाकचं ताट वाफाळत होतं. दारावरून भाची उपाशी गेली असं सरोवराकाठी कुणी म्हटलं असतं, तर उलकानने गाव सोडलं असतं. बुरुलचा ‘पाच मिनिटं’ म्हणून बसली, गादीवर टेकली आणि तिथेच झोपली. बालिकचीला पोचली ती दुसऱ्या दिवशी, पिशवीत एक तंगडी घेऊन. ती तिने भोळेपणाने गेनादी पाव्लोविचना दिली. त्यांनी तंगडी ठेवून घेतली आणि तिचं नाव काढून टाकलं.

“यंदा कुणाला सांगायचंच नाही,” मी म्हणालो.

असिलकान किटलीत बघू लागली. किटली रिकामी होती.

“कुणाला सांगितलंस?”

“कुणाला नाही हो. फक्त उलकान एजेला.”

उलकानला सांगणं म्हणजे पाण्याला सांगण्यासारखं. चहूकडच्या काठाला लागतंच.

दोन दिवसांत ‘योजनेला मदत करायला’ सगळे आमच्या घरी हजर. उलकान आली, त्यूपहून माझा चुलत भाऊ ओर्मोनबेक आला, मधल्या गावांतले बाकीचेही आले. पाहुणे आले म्हणजे मेंढी आलीच. वाटेत मेंढी कशी टाळावी याचा विचार करण्यासाठी आम्ही एक मेंढी कापली. पुरुषांत वडील म्हणून मेंढीचं डोकं मानाने माझ्यापुढे ठेवण्यात आलं. ते माझ्याकडे ज्या नजरेने बघत होतं, तिच्यात मला सहानुभूती दिसली.

“माझ्याकडे मेंढा बांधूनच ठेवलाय,” ओर्मोनबेक म्हणाला. “असा माजलाय की पोर बघून सायकल विसरेल.”

“मला विसरायची नाहीये, बाइके!” बुरुलचा म्हणाली.

“त्यूपला तू सकाळी येशील. तुझ्यासाठी लवकर कापू, त्यात काय?”

“मी थांबले तर संपलं. एका घरी थांबले की सातही घरी थांबायला हवं. तुमच्याकडे जेवले आणि यांच्याकडे नाही, असं चालेल?”

“कसं चालेल?” सगळे एका सुरात म्हणाले. या एका मुद्द्यावर आमच्या घराण्यात कधीच मतभेद नसतात.

मी सुचवलं की मी मागून गाडीने येतोच आहे, तर तिच्या वतीने सातही घरी मीच जेवेन.

“तुझं पोट कुणाच्याही वतीने जेवतं,” उलकान म्हणाली. “फेरी ती मारणार आणि मान तुला? मग लोक मला काय विचारतील? भाची कुठेय विचारतील!”

“एजे,” बुरुलचा म्हणाली, “यंदा गेलं तर कायमचं गेलं. तुमचं प्रेम मला कळतं. पण मागच्या वर्षी मला चढाने नाही हरवलं. तुम्ही हरवलंत.”

उलकानशी असं कुणी बोलत नाही. तिच्या दिवंगत नवऱ्यानेही एकदाच बोलून पाहिलं होतं. मला वाटलं आता ती उठेल, शाल झटकेल, आणि मग कुणाचाच आशीर्वाद नाही, फेरी नाही, काही नाही. गावाकडे पाठ करून निघालेल्या पोरीला आमच्यात रस्ताही ओळख देत नाही.

उलकानने स्वतःच्या हातांकडे पाहिलं. बोटांचे सांधे सुजलेले होते. सून कामासाठी मॉस्कोला गेल्यापासून कणीक तीच मळत होती.

“ओर्मोनबेक,” ती हळूच म्हणाली, “तो मेंढा. कापलास तर नाहीस ना अजून?”

“नाही.” तो खाकरला. “खरं सांगू का एजे, तो माझा नाहीये. मेव्हण्याचा आहे. त्याला अजून विचारलेलं नाही.”

“मी पण काही केलेलं नाही,” तामचीची वहिनी म्हणाली. “म्हटलं, तुम्ही सगळे करणार, मग मी कशी मागे राहू?”

एकेक करून सातही फुल्या बोलल्या. कुणालाच वीस माणसांचं रांधायचं नव्हतं. पण नको म्हणायचं ते पहिल्यांदा कुणी म्हणायचं? आमच्यात मेंढी कापायला एक माणूस पुरतो. न कापायला अख्खं घराणं जमावं लागतं.

“घोड्यावरून घाईत जाणारा माणूस दारावरून जायचा तेव्हा काय करायचे?” असिलकानने विचारलं. उलकानला आधी सांगून बसल्याची भरपाई म्हणून असेल.

“नान पुढे करायचे,” उलकान म्हणाली. “तुकडा तोंडाला लावला की कुणी उपाशी गेला असं होत नाही.”

“खाली उतरून?”

उलकान विचारात पडली. हा निकाल तिच्याशिवाय कुणी देऊ शकत नव्हतं.

“कुणाचा पाठलाग करणारा माणूस उतरत नसे,” ती शेवटी म्हणाली. “वरूनच तुकडा घ्यायचा, आणि घोडा पुढे. पोरी, तू कुणाच्या मागे आहेस?”

“सूर्याच्या, एजे.”

“मग चालेल. तो तर आपल्या सगळ्यांनाच चुकवून जातो.”

तिने हात पसरून आशीर्वाद दिला. आम्ही सगळ्यांनी तोंडावरून हात फिरवले, आणि खोलीत असा सुस्कारा सुटला की शेजारी पसरलेला नकाशा एका कोपऱ्यातून उचलला गेला. मग ओर्मोनबेकने ताटात उरलेलं सगळं संपवलं. एवढ्या आनंदाने जेवताना मी त्याला कधी पाहिलं नव्हतं.

जूनमध्ये एका पहाटे ती निघाली. मी गाडीतून मागे. उलानने वचन पाळलं. तामचीला वहिनी रस्त्याकडेला नान धरून उभी. बुरुलचाने चालत्या सायकलवरून लचका तोडला. त्यूपला ओर्मोनबेक तुकड्याऐवजी अख्खी नान तिच्या पाठीच्या खिशात कोंबायला धावला, आणि काही अंतर खिशाला लोंबकळतच गेला. काराकोलनंतर सान्ताश मात्र आलाच नाही. समोरून वारा. ती डोकं खाली घालून निघाली आणि मी काचा वर करून घेतल्या.

दुपार कलताना काजी-साय आलं. उलकान आज रस्त्याच्या कडेला होती. बुरुलचाने तुकडा घेतला, “रहमत, एजे!” असे ओरडून आभार मानले आणि वळणाआड गेली. मी हळूच पुढे जाऊ लागलो तर उलकान गाडीपुढे आली.

“तू कुणाचा पाठलाग करतोयस?”

“हिचा.”

“ती तुला सापडायची नाही. उतर.”

उतरलो. उताराच्या बाजूने निळं पाणी दिसत होतं आणि रस्ता रिकामा होता. संध्याकाळभर उलकान उंबऱ्यावर बसली, मी फोन हातात धरून अंगणात फेऱ्या मारल्या. सावल्या पाण्यापर्यंत पोचल्या. पलीकडच्या डोंगरांची टोकं तांबडी झाली. ती विझायला लागली तेव्हा असिलकानचा फोन आला.

“आली! अहो, उजेड आहे अजून! गेनादी पाव्लोविच इथेच आहेत. नाव लिहिलं त्यांनी. आणि ही रडतेय आणि नान खातेय.”

मी सांगितलं. उलकानने पाय लांब केले, गुडघे चोळले आणि डोळे मिटून घेतले.

“बरं झालं,” ती म्हणाली. “आता आज कुणी काही शिजवू नका.”

आम्ही चहा घेतला आणि नान खाल्ली, जर्दाळूच्या मुरांब्याबरोबर. इतकं चांगलं जेवण त्या घरात मला याआधी मिळालं नव्हतं. पण हे मी तिला सांगितलं नाही.