उणे शिल्लक

आमच्या इलोइलो शहरातली माणसं भांडतानासुद्धा गाणं म्हटल्यासारखी बोलतात, असं बाहेरचे लोक कौतुकाने सांगतात. ते माझ्या घरी कधी आलेले नसतात. माझ्या जिभेला हाड नाही हे सगळ्या हारो वस्तीला ठाऊक आहे, आणि माझा नवरा आर्सेनियो मालवाहू बोटीच्या इंजिनखोलीत काम करतो तरी त्याचीही त्यातून सुटका नाही, कारण बोट बंदराला लागली रे लागली की माझा फोन जातोच. उतरला होतास का? कोणाबरोबर? आत्ता मागे हसली ती कोण? मग तो दमलेल्या आवाजात म्हणतो, "अगं, टीव्ही लागलाय." मी मत्सरी आहे, आहेच, दर्यावर्द्याशी लग्न करून मत्सर न करणारी बाई मला एकदा दाखवाच.

पण मागच्या खेपेला निघताना बॅगेची चेन लावत, माझ्याकडे न बघता तो म्हणाला होता, "निम्फा, परत आल्यावरही हेच असेल, तर मी मानांगकडे राहायला जाईन. कायमचा." मानांग लुर्देस म्हणजे त्याची थोरली बहीण, आमच्यापासून दोन घरं पलीकडे राहते. आर्सेनियो बोलतो कमी आणि बोललेलं करतो.

त्याच्या क्रेडिट कार्डाला जोडून मला दिलेलं एक कार्ड आहे. घरखर्च मी त्यावर करते आणि बिल बँकेत जाऊन रोख भरते, कारण फोनवरून पैसे भरण्यावर माझा विश्वास नाही. त्या सकाळी काउंटरवरची जेसा संगणकाच्या पडद्याकडे बघून म्हणाली, "मॅम, भरायचं काहीच नाही. उलट उणे दाखवतंय."

"उणे? म्हणजे बुडालो की काय आम्ही?"

ती हसली. "उलटं आहे मॅम. बिलापेक्षा जास्त भरलं गेलंय, म्हणून बँकच तुमचं देणं लागते. तसंच राहू द्या, पुढच्या खरेदीत वळतं होईल. नाहीतर अर्ज करा, खात्यात परत मिळतील. खर्च केलेत की शून्य, हिशेब मिटला."

"पण भरले कोणी?"

"असं काय करता मॅम? तुम्हीच की. याच काउंटरवर. मला बिस्कोचो टोस्टचा पुडाही आणला होतात."

मी आजवर बँकेतल्या कोणाला बिस्कोचोचा तुकडासुद्धा नेलेला नाही. जेसा मात्र कौतुकाने सांगत राहिली, की सर बोटीवर किती राबतात, त्यांच्या जिवाला बिलांचा घोर नको, असं तुम्ही म्हणत होतात आणि तेव्हा तुमचे डोळे भरून आले होते. ती बाई दिसायला कशी होती, असं मी विचारलं, तर ती गोंधळली, आणि माझ्या ओठाशेजारच्या तिळाकडे बोट दाखवून म्हणाली, "म्हणजे? अशीच."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्या नवऱ्याचं बिल भरणारी बाई म्हणजे सवत, दुसरं कोण! माझं नाव घेऊन, माझ्यासारखं रूप करून ही भवानी माझ्या गावात राजरोस फिरत होती, आणि वर लोकांना बिस्कोचो वाटत होती.

घरी आल्याआल्या मी आर्सेनियोला फोन लावला. सगळं ओकायचं ठरवलंच होतं, पण मी तोंड उघडायच्या आत तोच म्हणाला, "इंदाय, काल तुझ्याशी बोललो आणि फार बरं वाटलं बघ." इंदाय म्हणून लाडाची हाक त्याने मला लग्नाच्या पहिल्या वर्षानंतर मारली नव्हती. काल मी त्याला फोन केलेलाच नव्हता.

"काय म्हणाले होते मी काल?"

"परत म्हणवून घ्यायचंय होय? लबाड!" आणि तो हसला, अगदी मोकळा, जसा माझ्याशी बोलताना कधी हसत नाही तसा.

ती मी नव्हते, असं सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. इतक्या मायेने तो बोलत होता की मी ते चोरून ऐकत राहिले, आणि फोन ठेवल्यावर रागाने रडले, कारण ती माझ्याहून चांगली निम्फा होती.

मानांगकडे गेले तर तिने मला शेजारी बसवून माझा हात कुरवाळला. एरवी ती मला पाणीसुद्धा विचारत नाही. "किती गोड झालीस गं हल्ली," ती म्हणाली. "परवा तू पाय चेपून दिलेस ना, रात्रभर दुखले नाहीत." मी कार्डावरच्या जास्तीच्या पैशांचं सांगितलं, तेव्हा मात्र तिने कपाळाला आठ्या घातल्या. "कोणाचे ते ठाऊक नाहीत ना? मग हात लावू नकोस. फुकटचं गिळता येतं बाई, पचत नाही."

पण मत्सराला कान नसतात. ते पैसे कार्डावर तसेच पडून राहिले हे मला बघवेना. वाटे, ती माझ्या घरात पाय पसरून बसली आहे. आर्सेनियो शनिवारी येणार होता. मी ठरवलं, तिच्याच पैशांनी नटायचं आणि माझ्या नवऱ्यासमोर मीच उभं राहायचं. पिवळा रेशमी झगा घेतला, टाचांचे बूट घेतले, केस कुरळे करून घेतले, आणि थोडे उरले त्याचं अत्तर घेतलं. दुकानाच्या दारातच बँकेचा संदेश आला, शिल्लक शून्य. कशी जिरवली, असं मी मोठ्याने म्हणाले आणि शेजारून जाणारी माणसं वळून बघायला लागली.

शनिवारी निघाले तेव्हा वर्षानुवर्षं मला बाजारात नेणारा तीनचाकीवाला गल्लीच्या तोंडाशी उभा होता. त्याने माझ्याकडे निरखून पाहिलं आणि अदबीने विचारलं, "मॅम, पाहुण्या आहात का? कोणाकडे उतरलात?" झग्यामुळे ओळखलं नसेल, असं मी मनाला बजावलं आणि विमानतळावर सोडायला सांगितलं. वाटेत त्याला दोनदा माझं नाव सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, "हो का? आमच्या गल्लीतही एक निम्फा आहे. फार भली बाई."

विमानतळाच्या दाराबाहेर कठड्याला सगळी बायकामुलं खेटून उभी होती. रेटून रेटून मी सर्वांत पुढे गेले. आर्सेनियो बाहेर आला, चॉकलेटचं खोकं खांद्यावर, उन्हाने आणखी काळवंडलेला, आणि सरळ माझ्याच दिशेने हसत येऊ लागला, तोच मोकळा हसणारा चेहरा. मी काहीही विचारणार नव्हते, कोण होती म्हणून नाही, कुठे होतास म्हणून नाही. नुसते हात पुढे केले.

तो माझ्यासमोर येऊन थांबला. खोकं सावरत, परक्या बाईशी बोलावं तितक्या अदबीने म्हणाला, "मॅम, जरा बाजूला होता का? मागे माझी बायको उभी आहे, तिला मी दिसत नसेन."

आणि मी बाजूला झाले.