कोंबड्याच्या गळ्यातली करणी

मंगळवार पेठेत रोशनबीच्या दारात अशी झुंबड उडाली होती, की तालमीतली पोरं अंगावरची माती झाडत तशीच धावत आली होती. गर्दीच्या मधोमध तिचा तांबडा कोंबडा, सरदार, आडवा पडला होता. डोळे टक्क उघडे, पाय ताठ, हलायचं नाव नाही. ना कुणी धरलेला, ना बांधलेला. चोचीपुढं पिराजीबुवानं अंगाऱ्याची एक लांब रेघ ओढली होती, बस्स.

"बघा की पावणं!" बुवा गरजला. "समाधी लागली कोंबड्याला! दाणा शिवंना म्हणून ही बाई रडत हुती. खाणार कसा? करणी हाय त्याच्यावर! आता चोच जिकडं, चेटकीण तिकडं!"

चोच समोरच्या अंजनाक्काच्या दाराकडं होती.

शाळेला निघालेला वर्धमान मास्तर उंबऱ्यावरच थबकला. अंजनाक्का त्याची आई. पेठेतल्या लहानथोरांसारखा तोही तिला अक्काच म्हणे. पहाटेच्या पूजेत सरदार आरवतो म्हणून ती कुरकुरायची, हे खरं. पण मागच्याच आठवड्यात तिनं बुवाचा काळा दोरा चारचौघांत परत केला होता, हेही खरं. बुवा ते विसरला नव्हता.

"हिचं केस कापल्याबिगर करणी उतरायची न्हाय!" बुवा म्हणाला, आणि पेठेतलाच कृष्णात कात्री घेऊन पुढं झाला. हाच कृष्णात तापानं फणफणला होता, तेव्हा अक्कानं उशाशी बसून त्याला पेज पाजली होती. वर्धमानला त्याची किळस आली. बुवापेक्षा जास्त आली. अक्कानं आतून कडी लावल्याचा आवाज त्यानं ऐकला.

"कृष्णात," तो दारात आडवा होत म्हणाला, "तुझी कोंबडी आण. धडधाकट बघून आण."

"कशाला?"

"आण तर खरी. मग काप केस."

कोंबडी आली, फडफडली, ओरडली. वर्धमाननं तिला कुशीवर निजवून मान हलक्या हातानं क्षणभर दाबून धरली आणि हात काढला. कोंबडी तशीच पडून राहिली. डोळे टक्क, पाय ताठ.

"अंगारा न्हाय, मंत्र न्हाय, आणि समाधी तीच," वर्धमान म्हणाला. "जीव भ्याला की असा थिजतो. कागलला आमच्या आळीतली पोरं हाच खेळ खेळायची. आणि चोचीचं म्हणाल, तर निजवणारा वळवील तिकडं ती वळते. आता बघा बरं, कुणाकडं हाय?"

चोच बुवाकडं होती. गर्दी खदखदून हसली. मघाशी केस कापायला उतावीळ झालेलीच ही तोंडं.

"मग माझा सरदार खाईना का?" रोशनबी रडवेली होऊन म्हणाली. नवरा गेल्यापासून घरात आवाज तेवढा त्या कोंबड्याचा होता.

"हात लावून बघितलात?"

"बुवा म्हणालं, शिवू नगं."

रेघ पायानं पुसून तिनं सरदारला उचललं, आणि मानेखाली चाचपता चाचपता तिचा हात थांबला. "गोळा हाय की मास्तर! दगडावानी!"

मास्तरनं सांगितलं तसं तिनं चोचीत गोडं तेल सोडलं, गोळा चोळला, मान खाली केली. असा आंबूस दर्प सुटला, की पुढचे मागं सरले. बुळबुळीत काळं टोक चोचीबाहेर आलं. तिनं ते हळूहळू ओढलं. दोरा, त्याला गुंतलेला दुसरा, त्यांवर शेंदरी गाठी.

"करणी बाहीर पडली!" बुवा लगेच ओरडला.

"पडली की," रोशनबी म्हणाली. "तुमचीच हाय. ह्या गाठी वळखती मी."

उतरवलेला दोरा पायाखाली येता कामा नये, असं बुवाचं सांगणं. म्हणून पेठेतल्या बाया जुने दोरे रोशनबीच्या जास्वंदीवर अडकवत. सरदार ते किडे समजून गिळत होता. बुवाचंच औषध त्याच्या गळ्यात अडकलं होतं. बुवानं झोळी काखेत मारली आणि बोळातून काढता पाय घेतला.

एवढ्यात मागून एकानं विचारलं, "मास्तर, त्यो दोरा टाकणार असला तर मला द्या. लई कडक असंल."

वर्धमान त्याच्याकडं वळला. "अरे, महाराजांनी शाळा काढल्या त्या कुणासाठी? डोळ्यांदेखत घाण बाहीर निघाली, ती तुम्ही गळ्यात बांधणार?"

रोशनबीनं कृष्णातच्या हातातली कात्री हिसकावून आपल्या मनगटावरचा दोरा कापला आणि अक्काचं दार वाजवलं. बऱ्याच वेळानं ते बोटभर उघडलं.

"आधी पाणी पाज त्याला. दाणा उद्या, भिजवून," अक्का म्हणाली. मग तिची नजर कृष्णातवर गेली. "तुला पेज पाजली तवाबी माझं केस हेच हुतं रं."

दार लागलं. रोशनबीनं पाण्याची वाटी पुढं धरली. सरदारनं तीत चोच बुडवली, मान वर करून घोट गिळला.

तुमच्या घरात कुणी अन्न सोडलं, तर आधी त्याचा गळा चाचपा. शेजारणीच्या दाराकडं बघू नका.