मैनाबाईची हाळी

मित्रांनो, भिलाईच्या एका शाळेत, विज्ञानाच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात, सगळ्यात खालच्या फळीवर माझी जागा आहे. मी टेप रेकॉर्डर. आता कोणी वापरत नाही असा. माझे वजन अठरा किलो. ज्याच्यावर मला उचलायची पाळी येते, तो आधी मला शिव्या देतो.

माझा जन्म रशियातल्या कारखान्यात झाला. भिलाईत पोलादाचा कारखाना उभा राहत होता, तेव्हा एक रशियन इंजिनियर मला सोबत घेऊन आला आणि १९६० साली परत जाताना शाळेला देऊन गेला. माझ्या बटणांवरची अक्षरे कोणाला वाचता येईनात. विज्ञान शिकवणाऱ्या लतिकाबाईंनी एकेक बटण दाबून पाहिले आणि त्याखाली मराठी चिठ्ठ्या चिकटवल्या. त्या बोरसीहून येत, कमी बोलत आणि सगळे वहीत टिपून ठेवत.

एकदा बाई वर्गात ध्वनी शिकवत असताना नलू नावाची मुलगी म्हणाली, "बाई, माझी आजी घमेल्यात तळं वाजवते." सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. त्याच रविवारी मला रिक्षात घालून त्या नलूच्या क्वार्टरवर गेल्या.

नलूचे वडील फकिरा कारखान्यात खलाशी होते, म्हणजे अवजड लोखंड दोरांनी वर चढवणारे. त्यांचे मूळ गाव भंडाऱ्याकडचे, मोठ्या तळ्याच्या काठी. घरी मासेमारी. तिथे हिवाळ्यात धुके इतके पडे की पाण्यातल्या डोंग्यांना, म्हणजे लहान होड्यांना, काठ दिसत नसे. मग बाया गुडघाभर पाण्यात उभ्या राहून तळव्याने पाणी वाजवत आणि हाळी देत. प्रत्येक घराची हाळी वेगळी. ती ऐकून माणूस डोंगा आपल्या घराकडे वळवी.

"अन् पाण्यातली पाणमायबी बायांच्या आवाजात हाक मारते," फकिराची आई मैनाबाई म्हणाली. "माणसाले खोल पाण्यात नेते. म्हणून हाळीत एक मुरड घालायची. थे तिले जमत नाही."

"मावशी, ही हाळी आणखी कोणाला येते?" बाईंनी विचारले.

"कोनाले येईन? सासूनं मले शिकवली. मी हिले शिकवाले पाहून राहिली, तं हिले लाज वाटते."

सून रमा चुलीपाशी होती. "लाज नाही तं काय? शेजारचे म्हणतात, फकिराची माय सकाळपासून कोनाच्या नावानं ओरडून राहिली! इथं कोनता डोंगा येते, माय? ड्युटीचा भोंगा वाजते, मानूस घरी येते."

"वाजू दे तुझा भोंगा," मैनाबाई म्हणाली. मग बाईंना म्हणाली, "तुमच्या पेटीत ठेवा. मी मेल्यावर नलूले ऐकवजा. नाही तं आमचं घर कोनतं, कोनाले समजन?"

बाईंनी तीन रविवार खपून जे केले, ते माझ्या आयुष्यातले सर्वांत चांगले काम. आधी त्यांनी मला जलद वेगावर ठेवून घमेल्यातले पाणी आणि खिडकीतून येणारी कारखान्याची घरघर टिपली. मग टेप निम्म्या वेगाने वाजवली. घमेल्याचे तळे झाले, घरघरीचा वारा झाला. मग पुसणाऱ्या हेडपुढे पोस्टकार्डाचा तुकडा अडकवून, आधीचा आवाज न पुसता, त्यावर हाळी घेतली. चार मिनिटे नुसते पाणी आणि वारा, आणि मग धुक्यातून यावी तशी मैनाबाई. ऐकताना ती खाटेवर ताठ बसली होती. "हा आपलाच काठ हाय," एवढेच म्हणाली.

बाईंनी डब्यावर नीट अक्षरात लिहिले: 'काठ. पाणी, निम्मा वेग. अवधी अकरा मिनिटे.' सगळे बरोबर होते. मैनाबाईचे नाव मात्र नव्हते.

पुढच्या वर्षी कामगारांच्या क्लबात मोठ्या साहेबांचे भाषण होते. क्लबचे सेक्रेटरी विष्णुबाबू मला मागून घेऊन गेले, सोबत टेपचा तो डबाही. बाई तेव्हा रजेवर होत्या. कोरी टेप रायपुरातही मिळाली नाही. विष्णुबाबू वाईट माणूस नव्हते. त्यांनी डब्यावरचे वाचले, टेप लावून तीन मिनिटे ऐकली.

"नुसतं पानीच वाजून राहिलं. नळ चालू राहिला होता बहुतेक. टेप बेकार झाली."

माझ्या आत राहून गेलेला पोस्टकार्डाचा तुकडा त्यांनी कचरा म्हणून काढला, मला फडक्याने पुसले आणि बटण दाबले. माझ्यात टेप आधी पुसणाऱ्या हेडवरून जाते आणि नंतर नोंदणाऱ्या हेडवरून. मला थांबता येत नाही.

परत आल्यावर ती टेप कोणी लावली नाही.

१९६३ मध्ये मैनाबाईला लकवा झाला आणि वाचा गेली. फकिरा शाळेत आले. "बाई, मायले एकदा थे ऐकवा. डोळ्यानं मागून राहिली." बाई मला घेऊन क्वार्टरवर गेल्या. मैनाबाईला उशीला टेकवून बसवले होते. बाईंनी टेप लावली.

साहेब बोलू लागले. देश, पोलाद, कष्टाचे महत्त्व. मग टाळ्या. बाईंनी टेप पुढे नेली, मागे आणली. पुन्हा टाळ्याच.

"राहू द्या, बाई," फकिरा म्हणाले. "या टाळ्यात माझ्याबी हायेत. मी पहिल्याच लायनीत होतो. विष्णुबाबूनं सांगतलं होतं, जोरानं वाजवा, मशीन लागली हाय."

मग रमा सासूजवळ जाऊन बसली. तिने हाळी म्हणायला सुरुवात केली. पहिला सूर आला. पुढे काय, ते आठवेना. "मुरड कुठं घालायची, माय?" तिने विचारले. मैनाबाईचे ओठ हलले. आवाज आला नाही. रमा पुन्हा पुन्हा विचारत राहिली.

मित्रांनो, माझी धूळ झटका, माझी निगा राखा, असे मी सांगणार नाही. एवढेच सांगतो. घरात कोणी म्हातारे माणूस काही गात असेल, तर मशीन आणायला धावू नका. आधी त्याच्याजवळ बसा आणि त्याच्या मागून म्हणून बघा. चुकलात तर ते दुरुस्त करील. मला ते करता येत नाही.