गेटबाहेरच्या अक्षता

"गुरुजी, हाऊ खोटं बोली राहिना!"

हे वाक्य उखाने माझ्या कानात सांगितलं. म्हणजे त्याच्या समजुतीप्रमाणे कानातच. त्याने मान वाकवली, तोंडापुढे हाताचा आडोसा धरला, आवाज जेवढा खाली आणता येईल तेवढा आणला, आणि दिवाळी स्नेहमिलनाला जमलेल्या सगळ्या मांडवाने ते वाक्य जसंच्या तसं ऐकलं. स्टेजवर आमच्या भागातल्या पुढाऱ्याचं, साहेबांचं, भाषण चालू होतं. ते थांबलं.

उखाला वाटलं, साहेब पाणी प्यायला थांबले असतील. म्हणून त्याने उरलेलंही सांगून टाकलं.

"त्या दिन याना डीजे वाजी राहिंता म्हनीसन माले मनी अश्विनीनी टाळी ऐकू उनी नही. मी गेटबाहेर मुठमा अक्षता धरीसन उभा व्हतू. अन हाऊ म्हनस, आम्ही बठास्नी नियम पाळात!"

मी त्याचा गुडघा दाबला, पण उशीर झाला होता. तीस वर्षं लूमच्या खात्यात काढलेला माणूस. तिथे मशिनांच्या खडखडाटात गुपित सांगायचं तरी ते ओरडूनच सांगावं लागतं. कान गेले, आवाज राहिला. आमच्या सोसायटीत उखा बायकोला "आज काय भाजी?" विचारतो तेव्हा चार घरांना मेनू कळतो. पोरं त्याला भोंगाकाका म्हणतात. मी या गुजराती मुलखात पालिकेच्या मराठी शाळेत मास्तर. त्याच्या शेजारी राहून राहून माझ्या डाव्या कानाचीही वाट लागलेली आहे.

निम्मी तोंडं आमच्याकडे वळली, निम्मी स्टेजकडे. मी मात्र स्टेजकडे पाहिलंच नाही. मी पाहिलं बायकांच्या खुर्च्यांकडे. पहिल्या दिवाळसणाला माहेरी आलेली अश्विनी तिथे आईशेजारी बसली होती, आणि जी गोष्ट आम्ही सगळ्यांनी सहा महिने तिच्यापासून दडवली होती, ती तिच्या बापाने भोंग्यावरून सांगून टाकली होती.

तो वैशाखातला दिवस मला काल झाल्यासारखा आठवतो. कोरोनाची दुसरी लाट सुरू होती. लग्नाला पन्नास माणसं, त्यात आचारी आला, भटजी आला, फोटोवालाही आला. रोज सकाळी रिक्षा फिरायची आणि तिच्यावरच्या कर्ण्यातून खुद्द साहेबांचा आवाज गर्जायचा, "पन्नास म्हणजे पन्नास! एकावन्नावा माणूस म्हणजे समाजाचा शत्रू!" उखाला स्पष्ट ऐकू आलेलं आयुष्यातलं ते बहुधा एकमेव भाषण. त्याने ते मनावर घेतलं. अर्ध्या भाऊबंदांना त्याने स्वतः जाऊन हात जोडले, येऊ नका म्हणून सांगितलं. मलाही सांगितलं. मी म्हटलं, बरं, मी वाडीसमोरच्या पानाच्या टपरीवर उभा राहतो, निदान बाहेरून तरी बघतो.

लग्न समाजाच्या वाडीत, म्हणजे मंगल कार्यालयात. मुहूर्त जवळ आला तरी मुलीचा मामा येईना. सुपडू त्याचं नाव, पलसाण्याला कापड रंगवायच्या, डाइंगच्या कारखान्यात कामाला. आमच्याकडे मामा मुलीच्या पाठीशी उभा राहिल्याशिवाय लग्न लागत नाही. उखाची बायको छाया दारात येऊन जाऊन दमली. शेवटी सुपडू धापा टाकत पोचला तेव्हा आत पन्नास भरले होते. आणि उशीर का झाला? तर हायवे बंद होता. साहेबांना पक्षात कसलंसं मोठं पद मिळालं होतं, त्याची स्वागतयात्रा निघाली होती! कोणाच्या तोंडाला मास्क नाही, हजार माणसं, फुलं उधळणं चालू, आणि मधोमध उघड्या जीपवर पन्नास म्हणजे पन्नासवाले साहेब.

गेटवर मोजणीला बसलेला पालिकेचा माणूस म्हणाला, "एक आत पाहिजे तर एक बाहेर काढा. नाहीतर वाडी सील होईल, मला बोलू नका." आता कोणाला बाहेर काढायचं? आल्या पाहुण्याला ऊठ म्हणायचं? व्याह्याच्या माणसाला? मी टपरीवरून पाहत होतो. उखाने सुपडूच्या पाठीवर हात ठेवून त्याला आत ढकललं आणि स्वतः बाहेर आला. मुलीचा बाप! नव्या पांढऱ्या शर्टात, डोक्यावर टोपी, मुठीत अक्षता.

माझ्याशेजारी येऊन उभा राहिला. "सावधान म्हनतीन तवय सांगा, गुरुजी," म्हणाला. सांगणार कसं? आतून मंगलाष्टकं सुरू झाली तेवढ्यात तीच यात्रा आमच्या रस्त्याला वळली. डीजेने टपरीवरच्या बरण्या थरथरायला लागल्या. माझा उजवा कान शाबूत असून मला काही ऐकू येईना. उखा दर घडीला माझ्याकडे तोंड करून विचारत होता, "लागनी का टाळी? गुरुजी, लागनी का?" आमच्याकडे मंगलाष्टकं संपून अक्षता पडल्या की टाळी लागली म्हणतात. बाप त्या एका क्षणासाठी वीस-बावीस वर्षं वाट पाहतो. साहेबांची जीप आमच्यासमोरून गेली, साहेबांनी आम्हालाही हात जोडले, आणि यात्रा दूर गेली तोवर आत जेवणाची पानं मांडली जात होती.

अक्षता उखाच्या मुठीतच राहिल्या. दोन पाहुणे जेवून गेल्यावर त्याला आत घेतलं. पुढचे विधी त्याने हसत केले. निघताना त्याने एकेकाला बाजूला घेऊन सांगितलं, "पोरले सांगानं नही. ती सासरी जाई राहिनी, मनमा खंत नको." विचारलं तर सांगायचं, तो मागे आचाऱ्याजवळ होता.

त्या यात्रेचा व्हिडिओ दुसऱ्या दिवशी घरोघरी मोबाइलवर फिरला. लोक फार चिडले होते, पण प्रत्येक जण आपापल्या उंबऱ्याच्या आत. आता सहा महिन्यांनी तेच साहेब स्टेजवर उभे राहून म्हणत होते, "त्या काळात तुम्ही आणि मी, आपण सगळ्यांनी मिळून नियम पाळले!" आणि उखाने माझ्या कानात आपलं मत दिलं होतं.

"कोण बोललं?" साहेबांनी विचारलं.

उखाने मला कोपराने ढोसलं. "काय झायं, गुरुजी? लोके काबरं इकडे देखी राहिनात?"

"तुझं बोलणं सगळ्यांनी ऐकलं," मी त्याच्या कानात ओरडलो.

"बठास्नी?"

"सगळ्यांनी!"

त्याचा चेहरा उतरला. त्याला साहेबांची पर्वा नव्हती. त्याने मान वळवून बायकांच्या बाजूला पाहिलं आणि पटकन खाली घातली.

आणि मग भडका उडाला. भाजी विकणारी शोभाताई आधी उठली. "खरंच बोलना तो! मना सासरा गया तवय खांदा देवाले चार जन बी येऊ दिन्हात नहीत! अन तुम्ही फुलं उधळी राहिंतात!"

"मास्क नाकाखाली आला म्हणून माझी पावती फाडली होती," दीपक न्हावी खुर्चीवर चढला. "तुमच्या जीपवर किती पावत्या फाडल्या, साहेब?"

मागून कुणीतरी गुजरातीत ओरडून उत्तर मागितलं, "जवाब आपो, साहेब, जवाब आपो!" आणि सगळा मांडव तेच म्हणायला लागला. मी मास्तर माणूस, जन्मभर "शांत बसा" म्हणत आलो. त्या संध्याकाळी मीही उभा राहून "जवाब आपो" ओरडत होतो, आणि मला फार बरं वाटत होतं.

साहेबांनी दोन्ही हात वर केले. "बंधूंनो, ती यात्रा कार्यकर्त्यांनी उत्साहाच्या भरात काढली. मला तर आधी माहीतही नव्हतं."

"मग जीपवर कोण उभं होतं, पुतळा?" दीपक म्हणाला. हशा पिकला. साहेबांच्या कपाळावर घाम दिसायला लागला. पण कच्चे खिलाडी नव्हते ते. माईक जवळ ओढून त्यांनी आवाज मऊ केला. "या काकांना वर आणा. पोटच्या पोरीच्या लग्नात स्वतः बाहेर उभं राहून ज्यांनी नियम पाळला, अशा नागरिकाचा सत्कार आपण करू या." कार्यकर्ता शाल-नारळ घेऊन धावत आमच्या खुर्चीशी आला.

"काय म्हनस?" उखाने मला विचारलं.

"तुझा सत्कार करायचा म्हणतात. बाहेर उभा राहिलास म्हणून."

उखाने शालीकडे पाहिलं. शाल चांगली होती. मग आपल्या नेहमीच्या हळू आवाजात तो कार्यकर्त्याला म्हणाला, "ती त्यालेच ऱ्हाऊ द्या, भाऊ. त्याले घाम फुटी राहिना, पुसाले कामे ई."

मांडव असा हसला की मागच्या बाजूची कनात हलली. हसणं ओसरतं न ओसरतं तोच मला अश्विनी दिसली. खुर्च्यांच्या रांगांमधून, लोकांचे गुडघे बाजूला सारत ती सरळ आमच्याकडे येत होती. ती उखासमोर उभी राहिली, वाकली आणि लहानपणापासून बोलत आली तशी त्याच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन बोलली.

"पप्पा, तुमी बाहेर व्हतात?"

उखाने मान हलवली.

"टाळी लागनी तवय?"

"व्हय, बाई. तू रडू नको. फार येळ नव्हतू."

ती रडली नाही. सरळ उभी राहिली आणि स्टेजकडे वळली. भोंग्याचीच लेक ती, तिला माईकची गरज पडली नाही.

"साहेब, तुमच्या मुलीच्या लग्नात तुम्ही कुठे उभे होते?"

एवढंच विचारलं. साहेबांनी माईकवर बोट आपटून पाहिलं, बिघाड तिथेच असल्यासारखं. मग शेजारच्याच्या कानात काहीतरी पुटपुटले. लोक उठले. कुणी सांगितलं नव्हतं, तरी खुर्च्या मागे सरकायला लागल्या आणि माणसं बाहेर पडायला लागली. दारात नाश्त्याची खमणची पाकिटं रचून ठेवली होती. दोघा-तिघांनी उचलली, ते सोडा. बाकी रास तशीच राहिली.

घरी येईपर्यंत अश्विनी झपाझप पुढे चालत राहिली. उखा तिच्या मागे मागे, चूक केलेल्या पोरासारखा. आणि त्यांच्या मागे अख्खी गल्ली, कारण त्या संध्याकाळी कुणालाच आपापल्या घरात जायचं नव्हतं.

ओट्यावर तिने पाठ फिरवली ती तशीच राहिली. "मी सगळ्या फोटोंत शोधलं तुम्हाला," ती म्हणाली. "मम्मीले विचारं, तर म्हने आचारीजवळ व्हतात. मले राग ये, पप्पा! माझ्या लग्नात यांना आचारीच दिसला, म्हणून राग येत होता मला!"

उखाला त्यातलं किती ऐकू आलं कोण जाणे. त्याने छायाकडे पाहून खूण केली. छाया आत गेली आणि देव्हाऱ्यातून गाठ मारलेला एक रुमाल घेऊन आली. उखाने गाठ सोडली. सहा महिन्यांपूर्वीच्या हळद लावलेल्या अक्षता. अर्ध्या दाण्यांना कीड लागली होती.

"कव्हय टाकू ते कळ्ळंच नही," तो म्हणाला. "मंग तशाच घरी लई उनू. फेकवाई नहीत."

हे मात्र खरंच हळू बोलला. इतकी वर्षं शेजारी राहून मी त्याचा तो आवाज कधी ऐकला नव्हता.

अश्विनीने डोळे पुसले आणि एकदम कामाला लागली. "वैभव, इकडे या!" इच्छापोरच्या कारखान्यात फिटर असलेला आमचा जावई, चांगला दांडगा गडी, मुकाट्याने येऊन समोर उभा राहिला. "मामा, तू मागे." सुपडू भाऊबिजेसाठी आलाच होता. तो चप्पल काढून भाचीच्या पाठीशी गेला. छायाने दोरीवरचं धुतलेलं पातळ ओढलं आणि शोभाताईच्या हातात एक टोक दिलं. झाला अंतरपाट.

"गुरुजी, म्हणा," अश्विनी म्हणाली.

मला मंगलाष्टकं येत नाहीत. दुसरीच्या वर्गात कविता शिकवतो त्या चालीवर मी शेवटची ओळ तेवढी म्हटली, घसा फाडून. पातळ खाली आलं. गल्लीत माणूस मावत नव्हता. ओट्यांवर, जिन्यांवर, मोटरसायकलींवर लोक उभे होते. किती होते ते कुणी मोजलं नाही.

उखा मूठ धरून उभाच. मग तो माझ्या कानाशी वाकला, तोंडापुढे हाताचा आडोसा धरला आणि त्याच्या मते अगदी हळूच विचारलं, "गुरुजी, लागनी का टाळी?"

"लागनी!" सगळी गल्ली ओरडली.

त्याने गल्लीकडे पाहिलं नाही. त्या दिवशी टपरीवर पाहत होता तसाच तो माझ्या तोंडाकडे पाहत राहिला. मी मान हलवली.

तेव्हा त्याने मूठ उघडली. पोखरलेले दाणे अश्विनीच्या केसांत पडले, थोडे वैभवच्या खांद्यावर. हळदीचा भुगा त्याच्या तळहाताला चिकटून राहिला. तो हात त्याने शर्टाला पुसला नाही.