लाल चिठ्ठी

शामसुंदररावांनी रजयांच्या ट्रंकेच्या कडीला लाल चिठ्ठी बांधली, दोऱ्याला दोन गाठी मारल्या आणि वर तारीख घातली. ऑगस्ट महिना होता. प्रेमलानं पोळी लाटता लाटता एकदा वळून पाहिलं आणि पुन्हा लाटणं चालवलं.

पोलादाच्या प्लांटच्या स्टोअरमध्ये त्यांची तीस वर्षं गेली होती. तिथला दंडक असा, की वर्षभर न हललेल्या मालाला लाल चिठ्ठी लागायची. महिन्याभरात एखादा फोरमन 'हा माल मला लागतो' असं लिहून द्यायचा; नाहीतर माल भंगारात. नव्वद साली निवृत्त होऊन स्मृति नगरच्या दोन खोल्यांत आल्यावर त्यांनी हीच पद्धत घरी आणली. माणसाला असं लागतं किती, हा विचार नोकरीच्या शेवटी त्यांच्या डोक्यात पक्का बसला होता. लोक अंथरूण पाहून पाय पसरतात. शामसुंदररावांनी अंथरूणच कमी करायला घेतलं. घरासाठी नियमही आवळले. वर्षाचे तीन महिने केले आणि महिन्याचे आठ दिवस.

प्रेमलानं कशावरच हक्क सांगितला नाही. बारा ताटांतली दहा गेली, माहेरचा पितळी हंडा गेला, शिलाई मशीन गेलं. पावर हाउस बाजारातला भंगारवाला भैयालाल हातगाडी घेऊन यायचा, आणि तीच त्याला सामान उचलून द्यायची. आधी त्यांना बायकोचं कौतुक वाटलं. मग आतून काहीतरी खुपायला लागलं. स्टोअरमध्ये गंजक्या पान्यासाठी फोरमन लोक हमरीतुमरीवर यायचे, आणि या बाईला छत्तीस वर्षांच्या संसारातलं काहीच नको? की संसारच नकोसा झाला, असंही एकदा मनात आलं आणि ते चक्क भ्याले.

"तुले काहीच ठेवाचं नाही का?" त्यांनी विचारलं होतं.

"नियम तुमचा आहे," ती म्हणाली. "मी काय बोलू?"

आणि बुधवार होता म्हणून नेहमीसारखी भजनाला निघून गेली.

डिसेंबरात थंडीनं दात वाजायला लागले तेव्हा घोटाळा उघड झाला. स्टोअरच्या मालाला ऋतू नसतो, पण रजई वर्षातले आठ महिने जागची हलत नाही. वर्षाचे तीन महिने करताना एवढी साधी गोष्ट या हिशेबी माणसाच्या ध्यानात आली नव्हती. दोन दिवस चादरीवर काढल्यावर ते मान खाली घालून पावर हाउसला गेले. रजया परत मिळाल्या तर हव्या होत्या.

भैयालालनं नवलानं पाहिलं. सामान त्यानं ठेवलंच नव्हतं. बाईजींच्या सांगण्यावरून तो सगळं टेम्पोत चढवून उतई गावी मैनाबाईकडे पाठवत होता. मैनाबाई म्हणजे प्लांटच्या क्वार्टरमध्ये राहत असताना वीस वर्षं त्यांच्याकडे धुणंभांडी केलेली बाई. शामसुंदरराव तसेच उतईच्या बसमध्ये चढले. तो दिवस बुधवारच होता.

मैनाबाईच्या अंगणात रजया उन्हात पसरलेल्या होत्या. मागच्या खोलीचं दार उघडं होतं, आणि आत त्यांचं जुनं क्वार्टर मांडलेलं होतं. कोपऱ्यात हंडा, फळीवर दहा ताटं, खिडकीशी मशीन. मैनाबाईच्या सुनेला ब्लाउजची बाही लावायला शिकवताना प्रेमला कशावर तरी मोकळी हसत होती. स्मृति नगरात तिचं हे हसणं त्यांनी एकदाही ऐकलं नव्हतं.

त्यांना पाहून सून पदर सावरत निघून गेली. प्रेमला जागची उठली नाही.

"काय करून राहिली तू इथं?" त्यांनी विचारलं. "मले सांगतलं कावून नाही?"

"सांगतलं असतं तर इथंबी चिठ्ठ्या बांधल्या असत्या तुम्ही." तिचा आवाज चढला नव्हता. "हे माह्यं आहे. यातलं काही तिकडं येणार नाही."

रजयांचं बोलणं त्यांच्या ओठांवर होतं, ते त्यांनी गिळलं. राग यायला हवा होता, पण आलं ते रडू, आणि तेही त्यांनी खाकरून परतवलं. उंबऱ्याबाहेर उभ्या उभ्याच त्यांनी चपला काढल्या.

"मी येऊ का आत?"

प्रेमलानं मशीनच्या चाकावर हात ठेवून ते थांबवलं आणि त्यांच्या धुळीनं भरलेल्या पायांकडे पाहिलं.

"पाय धुऊन या," ती म्हणाली.