आधी पट्टी, मग बाळ

“पाय मार! अगं पाय मार, ढमे! झोपलीस काय पाण्यात?”

ताईचा आवाज सबंध तरणतलावावर घुमत होता. गॅलरीच्या कठड्यावर ती अशी ओणवी झाली होती की मी मागून तिच्या स्वेटरचं टोक घट्ट धरून ठेवलं होतं. न जाणो, भाचीपाठोपाठ बहीणही पाण्यात पडायची. आणि आमच्या ताईला पोहता येत नाही हो! डोक्यावरून तांब्या ओतला तरी हिचा जीव घाबरतो.

एकटी तीच नव्हती म्हणा. शेजारचे एक बाबा उभ्या उभ्या हवेतच हात मारत होते. त्यातला एक पुढच्या आजोबांच्या डोक्यात बसला, तर आजोबांनी मागे वळूनही पाहिलं नाही. “कोपर उंच ठेवा,” एवढंच म्हणाले.

खाली पाण्यात मुली. सगळ्यांच्या डोक्यावर क्लबच्या निळ्या टोप्या, डोळ्यांवर काळे चष्मे. तिसऱ्या पट्ट्यात आमची ढमी. जन्मली तेव्हा गुबगुबीत होती म्हणून ढमी. आता पोहून पोहून काडी झालीय, तरी नाव तेच. आज पहिली आली की मोठ्या संघात निवड पक्की. त्यासाठी ताई गेली कित्येक वर्षं रात्रपाळी उरकून, डोळ्यांवरची झोप तशीच ठेवून, तिला पहाटे इथे आणून सोडते.

ताई बाळंतपणाच्या वॉर्डात नर्स आहे. तिथे तिचा एकच मंत्र: आधी पट्टी, मग बाळ. बाळाच्या मनगटावरची पट्टी मोठ्याने वाचायची आणि मगच ते आईच्या हातात द्यायचं, मग आई कितीही रडो. नव्या मुलींकडून ती हे इतकं घोकून घेते की तिच्या माघारी त्या तिला पट्टीबाईच म्हणतात. आज सकाळी ढमीच्या दंडावर स्पर्धेचा आकडा तिनंच जाड पेनाने काढला. सतरा.

तेव्हा ढमी म्हणाली होती, “आई, पोटात दुखतंय गं.”

“गोळा आलाय, दुसरं काही नाही. पाण्यात पडलीस की जाईल.”

मीही “हो हो, जातं” म्हणून मान डोलावली. माझ्या मानेला काय जातंय!

शेवटची फेरी सुरू झाली आणि गॅलरीत एकच कल्ला उठला. तेवढ्यात कुणीतरी मागून ताईची बाही ओढली. ताईने न बघताच हात झटकला. “बाजूला हो गं बाळ, माझ्या मुलीची शर्यत चाललीय!” मी स्वेटर आणखी घट्ट धरला. तिसरा पट्टा पुढे सरकत होता.

आणि जिंकला! ताई जी सुटली ती थेट खाली, मागोमाग मी. टॉवेल पसरून तिने पोरीला पाण्यातून जवळजवळ उपसूनच काढलं, गुंडाळलं, ओल्या टोपीचे मुके घेतले. “माझं सोनं गं ते! माझी वाघीण!”

“काकू,” टॉवेलमधून आवाज आला, “मी तुमची नाहीये.”

चष्मा वर झाला. दुसराच चेहरा, आणि दंडावर आकडा नऊ. तिची खरी आई हात पसरून आली होती, ती तशीच थबकली. मला हसू फुटणार होतं. पण ताईचा चेहरा पाहिला आणि ते घशातच राहिलं.

ताई पाण्याकडे बघत होती. बाकीच्या मुली एकेक करून बाहेर आल्या होत्या. त्यांत ढमी नव्हती.

“मग माझी कुठंय?”

ती काठावर गुडघे टेकून तळाशी नजर लावून बसली. मी देवा, नको, एवढंच म्हणत राहिले.

तेवढ्यात ढमीचे सर धावत आले. “अहो ताई, उठा! ती उतरलीच नाही पाण्यात. तीनदा नाव पुकारलं, शेवटी राखीव मुलीला उतरवलं. तुम्हा लोकांच्या आरडाओरड्यात कुणाला काय ऐकू येणार?”

ढमी कपडे बदलायच्या खोलीत सापडली. कोपऱ्यातल्या बाकावर, कोरडी ठणठणीत, मांडीवर दप्तर गच्च धरून.

ताईची भीती क्षणात राग होऊन बाहेर पडली. “कार्टे! होतीस कुठे? जीव गेला ना माझा!”

“वर आले होते तुला सांगायला.”

“कधी?”

“बाही ओढली तुझी. तू म्हणालीस, बाजूला हो, माझ्या मुलीची शर्यत चाललीय.”

ताईने स्वतःच्या बाहीकडे पाहिलं. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. मीही तिथेच होते की, हातभर अंतरावर.

“मला पाळी आलीय, आई,” ढमी म्हणाली. “काय करायचं मला कळेना. पण तू इतकी खूश होतीस, म्हणून म्हटलं, संपू दे शर्यत.”

दिवसरात्र बायकांचंच दुखलंखुपलं बघणारी माझी बहीण. सकाळी पोरीनं पोटावर हात ठेवून सांगितलं, तेव्हा आम्ही दोघी तिच्या दंडावरचा आकडा सरळ आलाय का ते बघत होतो.

ताई ओल्या फरशीवरच बसली. अंगातला स्वेटर काढून तिने ढमीच्या कमरेला बांधला, गाठ नीट मारली. मग तिचा दंड हातात घेऊन उजेडाकडे वळवला.

“सतरा,” तिने मोठ्याने वाचलं.

आणि मगच तिला जवळ घेतलं.