यंदाचं गाव

मी सैरबीन. नावावरून कोणी मला दुर्बीण समजतं, पण दूरचं जवळ आणणं मला जमत नाही. मी फक्त चपटं चित्र उभं करते. दोन भिंगं, कपाळ टेकायला मखमल लावलेली लाकडी खोळ, खाली धरायला दांडा आणि पुढे एक लांब पट्टी, एवढंच माझं शरीर. एकाच देखाव्याच्या दोन तसबिरी शेजारी शेजारी चिकटवलेलं कार्ड त्या पट्टीवर उभं करायचं आणि मागेपुढे सरकवायचं. नजर जमली की डोंगर डोंगरासारखा लांब जातो आणि माणूस माणसासारखा पुढे येतो. नवखा पाहणारा दचकतो, मला बाजूला करतो आणि कार्डाच्या मागे वाकून बघतो. आजवर मला ज्यांनी पहिल्यांदा हातात घेतलं, त्या सगळ्यांनी हेच केलं.

मला मात्र त्यातलं काही दिसत नाही. चित्र माझ्या पाठीशी असतं. मला दिसतात ते पाहणाऱ्याचे डोळे.

माझा जन्म विलायतेतला. बडनेऱ्याच्या रेल्वे बंगल्यात एका मडमेबरोबर मी आले. तिच्या नवऱ्याची बदली झाली तेव्हा घरातलं सामान अंगणात मांडून लिलाव झाला. बंगल्यावर भाजी आणि फुलं पोचवणारा शालिकराम माळी त्या दिवशी आला होता तो रोपांना पाणी घालायच्या पत्र्याच्या झारीसाठी. झारी मिळाली आणि झारीसोबत लावलेल्या खोक्यात मीही त्याच्या घरी गेले.

"हे काय उचलून आनलं बाप्पा?" त्याची बायको मनकर्णा म्हणाली.

"पाह्य तर खरं."

तिनं डोळे लावले. डाव्या डोळ्यात एक बारीक तांबडी शीर, पापण्या दाट. क्षणभर ते डोळे हललेच नाहीत. मग "अवं माय!" म्हणून तिनं मला खाली घेतलं आणि कार्डाच्या मागे बोट फिरवून पाहिलं. शालिकराम हसत सुटला.

शालिकरामचा मळा बडनेऱ्याच्या बाहेर, भातकुलीच्या रस्त्याला होता. विहीर, मोट, वांगी, मेथी आणि कडेनं मोगरा. घरात दोघंच. मूल झालं नाही. वैशाखातल्या दुपारी बाहेर पाय ठेववत नसे. तेव्हा छपरीत ओलं पोतं टांगून दोघं बसत आणि मला खोक्यातून काढत. कार्डांवरची इंग्रजी नावं स्टेशनातल्या तिकीटबाबूनं वाचून दाखवली होती. हालंड, वेनिस, सुजरलंड, जपान, मिसर. दोघांना ती पाठ झाली होती.

पहिल्याच उन्हाळ्यात शालिकरामनं खेळ काढला. सगळी कार्डं सतरंजीवर मांडायची. डोळे मिटून गाव मनात धरायचं आणि मग दोघांनी एकाच वेळी आपापल्या गावावर मोगऱ्याची कळी ठेवायची. दोघांच्या कळ्या एकाच कार्डावर पडल्या तर ते यंदाचं गाव. तिथं जायचं.

"कशानं जाचं?" मनकर्णेनं विचारलं.

"आधी गाव तर ठरू दे."

त्या वर्षी त्याची कळी हालंडवर पडली, कारण त्या चित्रात क्षितिजापर्यंत फुलांचे वाफे होते. तिची कळी पडली एका आगबोटीवर. चित्रात बोटीचा कठडा होता आणि कठड्याला टेकून उभी राहिलेली माणसं, असं त्यांच्या बोलण्यावरून मला कळलं.

"हे नाई चालत," शालिकराम म्हणाला. "बोट म्हणजे गाव हाये का? गावावर ठेव."

"मले हेच पायजे."

"अवं, बोट गावाले जाते. तू कोणत्या गावाले जाशीन?"

तिनं आपली कळी उचलून घेतली. त्यानं आगबोटीचं कार्ड खेळातून काढून खोक्याच्या तळाशी ठेवलं. पुढच्या वर्षी तिची कळी मिसरवर पडली, त्याच्या पुढच्या वर्षी जपानवर. हालंडवर कधीच नाही.

"फुलं पाहाले बोटीत बसून जाऊ?" ती म्हणे. "वर्षभर निंदून निंदून कंबर मोडली माही."

"मंग एक गाव धर ना. दरसाल नवं! तुह्यं मन म्हंजे माकड हाये नुसतं."

"तुमी आपलं हालंड घेऊन बसा."

दोघं हसत आणि त्या वर्षीचं जाणं राहून जाई. अशी कितीतरी वर्षं गेली. कधी कधी तो मोटेवर असताना मनकर्णा एकटीच मला घेऊन बसे. तिची नजर जवळची होती, त्यामुळे कार्ड ती अगदी नाकाजवळ ओढून घेई. खोक्याच्या तळाचं कार्ड दमट हवेनं वाकलं होतं. पट्टीवर चढताना ते कुरकुरत असे, म्हणून मला ओळखू येई. एकटी असली की ती तेच लावत असे.

हे मला ठाऊक होतं. शालिकरामला नव्हतं.

मग एका फाल्गुनात मनकर्णेला ताप भरला. उतरेना. खाटेवर पडल्या पडल्या तिनं मला पाहायला मागितलं, पण दांडा धरायची ताकद हातात नव्हती. शालिकरामनं धरून ठेवलं. डोळ्यातली ती शीर सगळीकडे पसरली होती.

"यंदा तुह्या मनाचं गाव," तो म्हणाला. "मी माही कळी ठेवतच नाई. तू म्हनशीन तिकडं जाऊ. सांग, कोनतं?"

"मोगरा तर लागू द्या," ती म्हणाली आणि हसली.

मोगरा लागायच्या आधी ती गेली.

दहाव्याला पेढी नदीवर काय झालं ते मी पाहिलं नाही. तेराव्याला छपरीत बसलेल्या लोकांच्या तोंडून ऐकलं. पिंड ठेवले, लोक मागे सरले, पण कावळा शिवेना. बाभळीवर दोन बसले होते, खाली उतरेनात. गेलेल्याची इच्छा उरली म्हणजे असं होतं, असं आपल्याकडे धरतात. मनकर्णेच्या धाकट्या बहिणीनं, अकोल्याला दिलेल्या जमुनानं, हात जोडून सांगितलं, "ताई, भाऊजीची काळजी आमी घेऊ." कावळा हलला नाही. कोणी मळ्याचं नाव घेतलं, कोणी गाईचं. तरी नाही.

तेव्हा शालिकराम पुढे झाला आणि मोठ्यानं म्हणाला, "मनकर्णे, तुले हालंडले नेतो."

"हालंड कोनतं रे?" शेजारच्या मळ्यातल्या पुंजारामनं हळूच विचारलं.

"मूर्तिजापूरच्या लाइनीवर असन," दुसरा म्हणाला.

"वेनिसले नेतो. सुजरलंडले नेतो. जपानले. मिसरले." शालिकराम एकेक नाव घेऊन बाभळीकडे बघे. सगळी नावं संपली. ऊन डोक्यावर आलं. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला आणि लोक घरी आले.

"दुःखानं डोकं फिरलं बिचाऱ्याचं," पुंजाराम तेराव्याला जेवताना म्हणाला. शालिकराम पलीकडे भात वाढत होता. त्यानं ऐकलं असेल.

डोकं फिरलं नव्हतं. त्यानं मरणाऱ्या माणसाला शब्द दिला होता आणि तो कुठला शब्द, हेच त्याला माहीत नव्हतं.

चैत्र लागला. दुपारी तो छपरीत सतरंजी टाकी आणि समोर मनकर्णेची वाकळ अंथरी. एकेक कार्ड मला लावी. पट्टी स्वतःच्या नजरेला नाही, तिच्या नजरेला जुळेल अशी जवळ ओढी. तेवढं अंतर त्याच्या बोटाला माहीत होतं. मग मला उलटं फिरवून त्या रिकाम्या वाकळेसमोर धरी.

"हे का?" तो विचारी. थांबे. "हे नाई? बरं."

पहिल्या दिवशी मला त्याची दया आली. दुसऱ्या दिवशी भीती वाटली.

कारण माझ्या मखमलीला कपाळ टेकलं. भिंगांपुढे कोणी नव्हतं, डोळे नव्हते, पापण्या नव्हत्या. पण मखमल दबली आणि ऊब लागली, खोबरेल तेलाची आणि तापाची. इतक्या वर्षांत किती कपाळं टेकली माझ्यावर. ही ऊब मी ओळखत होते. शालिकरामचा हात मात्र स्थिर होता. त्याला काही जाणवत नव्हतं. तो कार्ड बदली, पुन्हा धरी आणि ती पुन्हा टेके. हालंड, वेनिस, मिसर. ती सगळी पाहत होती आणि एकाही कार्डावर थांबत नव्हती.

मला ओरडून सांगावंसं वाटे, अरे, तळाचं कार्ड लाव! ते वाकलेलं! पण मला आवाज नाही. आज तुमच्याशी बोलते आहे, तशी आधी कधीच बोलले नव्हते.

अक्षय तृतीयेच्या सुमाराला जमुना अकोल्याहून आली. ताईच्या नावानं घागर भरायची होती आणि भावजींकडे लक्षही टाकायचं होतं. तिनं छपरीतला तो प्रकार पाहिला आणि दारातच उभी राहिली.

"हे काय करून राहिले भाऊजी?"

"तिले गाव विचारून राहिलो."

जमुना पायरीवर बसली. पदरानं तोंड पुसलं. मग म्हणाली, "ताईले गाव नोहतं पायजे. मले सांगे ना थे. गाव कोनतंई असो जमने, तिथं चूल असनच, अन् चूल असली का मीच तिच्यापुढं असीन. बोटीवर म्हने चूल आपली नसते. नुसतं कठड्याले टेकून उभं राहाचं. कोनी हाक मारत नाई."

शालिकरामनं मला खाली ठेवलं.

"मले काहून नाई सांगतलं?"

"सांगतलं असन. तुमी आयकलं नसन." जमुनाचा आवाज कडक होता. मग तिनं डोळे पुसले. "चहा टाकतो मी."

त्यानं खोक्यातली सगळी कार्डं सतरंजीवर उलटी केली. तळाचं कार्ड वर आलं. मळ्याच्या कडेला मोगरा फुलला होता. तो उठून गेला, दोन कळ्या तोडून आणल्या आणि दोन्ही त्या कार्डावर ठेवल्या.

त्याच वर्षी ब्रह्मदेश हिंदुस्थानातून वेगळा काढला होता. बडनेऱ्याहून गाडी थेट हावड्याला जात होती आणि कलकत्त्याहून रंगूनला बोटी. पुंजाराम म्हणाला, "लेका, परवापावतर रंगून आपल्यातच होतं. आता परदेश झालं म्हनतात. तिकडं तुह्यं काय हाये?"

"काई नाई. बोटीत बसाचं हाये."

कलकत्त्याच्या धक्क्यावर त्यानं डेकची दोन तिकिटं मागितली. कारकुनानं त्याच्या मागे पाहिलं.

"दूसरा आदमी किधर है?"

"आएगी."

डेकवर माणसाला माणूस चिकटून बसलं होतं. शालिकरामनं एक सतरंजी टाकली आणि तिच्या शेजारी मनकर्णेची वाकळ. बोट सुटायच्या आधीच तिथं भांडण लागलं. बिहारातल्या छपऱ्याकडचा एक मजूर आपल्या म्हाताऱ्या आईला घेऊन उभा होता.

"यहाँ कौन है?"

"घरवाली."

"कहाँ है?"

शालिकरामनं तिकीट दाखवलं. मजूर पुटपुटत बाजूला झाला. म्हातारी गाठोड्यावरच बसली.

जमीन दिसेनाशी झाली तेव्हा शालिकरामनं मला पिशवीतून काढलं. कार्ड लावलं नाही. पट्टी सवयीनं जवळ ओढली आणि मला वाकळेसमोर, कठड्यापलीकडच्या पाण्याकडे धरलं.

"पाह्य मनकर्णे," तो म्हणाला. "आता कार्डाचं काम नाई."

मी वाट पाहिली. खारा वारा मखमलीत शिरला. मखमल थंड होती आणि थंडच राहिली. कोणी टेकलं नाही. मी खूप वाट पाहिली. त्याचा हात भरून आला, तरी त्यानं मला धरून ठेवलं.

"दिसून राहिलं का?" त्यानं विचारलं.

इतके दिवस त्याला काही जाणवत नव्हतं आणि मला जाणवत होतं. त्या दिवशी मला काही जाणवलं नाही. त्याला काय जाणवलं कोण जाणे, पण त्यानं मला खाली घेतलं, वाकळ नीट झटकली आणि त्या म्हातारीला म्हणाला, "आओ माय. लेट जाओ."

"तुम्हारी घरवाली?" मजुरानं विचारलं.

"उधर है. देख रही है."

म्हातारी आडवी झाली. शालिकराम उरलेला प्रवास कठड्याला टेकून उभा राहिला. रंगूनला वाकळ म्हातारीकडेच ठेवून तो धक्क्यावर उतरला आणि परतीच्या बोटीची वाट पाहत तिथंच बसून राहिला. गावात गेला नाही.

तो घरी परतल्यावर जमुना भेटायला आली. तिनं त्याला पाणी दिलं, पिशवी उचलली, वाकळ दिसली नाही म्हणून थबकली.

"अन् ताई?" तिनं विचारलं. चेष्टेत विचारलं की खरंच, ते तिलाही ठाऊक नसावं.

"रायली तिकडंच," शालिकराम म्हणाला. "करमलं तिले."

दुसऱ्या दिवशी ती अकोल्याला निघाली तेव्हा त्यानं मला कार्डांसकट तिच्या टोपलीत ठेवलं. आगबोटीचं कार्डही दिलं. आपल्यासाठी काहीच ठेवलं नाही.

आता मी अकोल्यात, जमुनाच्या स्वयंपाकघरातल्या कोनाड्यात असते. शालिकराम अजून मळा करतो म्हणतात, मोगरा स्टेशनावर नेतो, पण इकडे फारसा येत नाही. माझी मखमल विरली आहे. एका भिंगाला चीर गेली आहे. पोरं कधी खेळायला घेतात, एक डोळा मिटून बघतात. मग त्यांना सगळं चपटं दिसतं, आणि मी त्यांना बिघडलेली वाटते.

माझी तक्रार नाही. शालिकरामचं गाव ठरलं, तो जाऊन आला. माझंच काही ठरत नाही. त्या चैत्रात छपरीत जे टेकलं ते तिचं कपाळ होतं, की ओल्या पोत्याआडून येणारी दुपारची झळ? वऱ्हाडातल्या उन्हात लाकूडही अंगासारखं तापतं. बोटीवर वारा होता, म्हणून का मखमल थंड राहिली? शालिकरामनं हे स्वतःला विचारलं नाही. मला विचारल्यावाचून राहवत नाही. इतकी वर्षं जे डोळे पाहिले, त्यांचा निरोप घ्यायचा राहिला आहे.

म्हणून तुम्हाला एक मागणं आहे. कधी जमुनाच्या घरी आलात, तर पौषातल्या एखाद्या कडक थंडीच्या सकाळी मला कोनाड्यातून काढा. कार्ड लावू नका. पट्टी जवळ ओढा, आणि समोर कोणी बसलेलं नसेल अशा जागेपुढे मला धरा. फार वेळ नको. हात भरून येईपर्यंत.